पाकोळीची पाठ

अल्काताईंना कुठलीही गोष्ट दोनदा बघायची खोड होती, आणि या खोडीचा जेवढा ताप मला झाला तेवढा त्यांच्या घरच्यांनाही झाला नसेल. त्या आमच्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होत्या आणि मी आरोग्य सेवक. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात जिथे धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं, तिथली गावं आमच्याकडे होती. गावोगाव फिरून तापाच्या माणसांची बोटं टोचायची आणि रक्ताच्या काचपट्ट्या आणून द्यायच्या, हे माझं काम. त्या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मलेरिया आहे की नाही, आणि असला तर कोणता, हे सांगायचं काम त्यांचं.

मलेरिया मलेरियात फरक असतो. एक नुसता हुडहुडी भरवून सोडून देतो, दुसरा मेंदूवर जातो आणि बघता बघता माणूस हातचा जातो. दोन्हींची गोळी वेगळी, घाई वेगळी. हे सगळं मला तोंडपाठ होतं, तरी पावसाळ्यात बाहेर पाचपन्नास माणसं कण्हत बसलेली असायची तेव्हा माझा धीर सुटायचा. मी म्हणायचो, ताई, लिहून टाका ना, गर्दी वाढून राहिली. त्या मान वर न करता तीच पट्टी पुन्हा सरकवायच्या. माझं ऐकून त्यांनी एकदाही घाई केली नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. तेव्हा मात्र मला त्यांचा भारी राग यायचा.

त्या मूळच्या फुलचूरच्या. वडील देवाजी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलायचे, आई घरी बिड्या वळायची. दर आठवड्याला बिड्या जमा करायला गेलं की तपासणारा माणूस त्यातल्या मूठ-दोन मुठी खराब म्हणून बाजूला काढायचा. त्या खराब बिड्या संध्याकाळी चांगल्यांच्याच पोत्यात जायच्या. लहानगी अल्का आईच्या पदराला धरून हे बघायची. तपासणाऱ्या माणसाने खोटं सांगितलं की त्यांच्या अंगाची आग का व्हायची, ते मला हे ऐकल्यावर कळलं. १९९९ साली त्या नोकरीला लागल्या तेव्हा आईने म्हणे एवढंच सांगितलं होतं की बाई, तू तपासनारी झाली, आता नीट तपास.

तर पाकोळ्यांची गोष्ट सुरू झाली २००३ च्या पावसाळ्यात. बोदराटोला नावाच्या आमच्या एका गावात तापाची साथ आली. आम्ही शाळेत शिबिर लावलं, सारा गाव रक्त देऊन गेला, पण सुकराम मडावी आला नाही. हा म्हातारा डोंगरदेवाचा पुजारी. गावामागच्या डोंगरात अर्ध्या चढावर एक गुहा आहे, तिथे देव, आणि देवापाशी सुकराम. त्याला ताप होता आणि देव सोडून तो खाली उतरायला तयार नव्हता. मग आम्हीच वर गेलो. मी धापा टाकत त्याचं बोट टोचत होतो आणि अल्काताई माझ्या पाठीमागे उभ्या राहून गुहेच्या छताकडे बघत होत्या.

छताजवळ, उजेड जिथे पुरता पोचत नाही अशा जागी, घरट्यांचा गठ्ठाच होता. एकाला एक चिकटलेली, काड्यांची, पिसांची. आणि त्यांतून काळी, कोयत्यासारख्या पंखांची पाखरं सुईसुई करत आतबाहेर करत होती. ताईंनी विचारलं, ही कोणती? सुकराम म्हणाला, पाकोळ्या, दुसरं काय. त्याच्या बोलण्यात कौतुक नव्हतं. रोज सकाळी शिंदीच्या झाडूने त्यांची शिट झाडून त्याची कंबर मोडली होती.

सुकरामचा ताप उतरला. ताईंना मात्र तेव्हापासून जो लागला तो उतरेना. गोंदियाच्या स्टेशनवरच्या दुकानातून त्यांनी पाखरांचं पुस्तक आणलं, एक दुर्बीण कुठूनशी मिळवली, आणि बोदराटोल्याच्या फेरीला त्या माझ्या मोटरसायकलवर बसू लागल्या. मी गावात ताप शोधायचो, त्या डोंगराच्या पायथ्याशी मान वर करून उभ्या. परत येताना सारा रस्ता पाकोळी. पाकोळी बाकीच्या पाखरांसारखी फांदीवर बसूच शकत नाही, तिला नुसतं भिंतीला लटकता येतं. घरटं ती थुंकीने चिकटवते. आणि काही जातीच्या पाकोळ्या खोल गुहेत, मिट्ट काळोखात राहतात, तोंडाने टिक टिक आवाज काढतात आणि तो भिंतीवरून परत येतो त्यावरून वाट ओळखतात. ही शेवटची गोष्ट मला पार थाप वाटली होती, पण पुस्तकात तसं छापलं होतं खरं.

गुहेतल्या या पाकोळीवर त्यांचा जीव जडला. पुस्तकात ती पश्चिमेकडच्या डोंगरांत आणि समुद्रातल्या खडकांवर राहते असं होतं, आपल्या मुलखाचं नाव नव्हतं. पण ताईंनी पाहिलेलं सारं जुळत होतं. पाखरं खालून बघता संपूर्ण काळी. घरटी गुहेत. आणि एकदा श्रावणात त्या दिवा मालवून आत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या कानांनी आवाज ऐकला होता, टिक, टिक. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की मीही त्या दिवशी थट्टा केली नाही.

२००६ साली सरपंच मनिराम पटले यांनी गुहेच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी लावायचं काढलं. मनिराम वाईट माणूस नाही. जत्रेला माणसं प्रसाद हातात घेतात आणि वरून शिट पडते, हे त्याला बघवत नव्हतं. फरशी घालू, जाळी लावू, पाखरं आपोआप दुसरीकडे जातील. सुकरामचीही याला ना नव्हती. त्याची रोजची झाडझूड वाचत होती. ऐकल्यावर ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. घरट्यांत पिल्लं होती. पाकोळ्या वर्षानुवर्षं त्याच जागी येतात, जागा बंद झाली की तो सारा घोळका उजाड होणार होता.

त्या ग्रामसभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ही गुहेतली दुर्मिळ पाकोळी असावी असं वाटतं, तेव्हा जरा थांबा. सभेला एका वर्तमानपत्राचा बातमीदार होता. दुसऱ्या दिवशी बातमी आली: बोदराटोल्यात दुर्मिळ पाखरू सापडलं. ‘असावी’ही गेलं आणि ‘वाटतं’ही गेलं. जाळीचं काम थांबलं. गोंदियाहून लोक मोटारी घेऊन बघायला येऊ लागले, मनिराम त्यांना डोंगर दाखवताना असा बोलायचा की पाखरं त्यानेच अंडी उबवून काढली आहेत.

ताईंनी तेव्हाच वर्तमानपत्राला कळवायला हवं होतं. त्यांनी कळवलं नाही, कारण जाळी थांबली होती. पण रक्ताची पट्टी दोनदा बघणाऱ्या बाईला हे गिळून टाकणं जड जात होतं. कोणी कौतुकाने पाकोळ्यांचं विचारलं की त्या विषय बदलायच्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा दिवा मालवून गुहेत उभ्या राहिल्या. पाखरं डोक्यावरून जात होती आणि आवाज मात्र नव्हता. गुहेच्या मागच्या भिंतीवरून पावसाळ्यात पाण्याचा थेंब खाली दगडावर पडायचा. उन्हाळ्यात तो आटला होता, आणि टिक टिकही त्याच्याबरोबर आटली होती.

नंतर त्यांनी नागपूरच्या एका प्राध्यापकांचा नंबर मिळवून फोन लावला. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पाठ पाहिली का? शेपटीच्या मुळाशी पांढरं असेल तर ती घरपाकोळी, पूल आणि इमारतींखाली घरटी करते ती, आणि डोंगरातही करते. पाठ सगळी काळपट असेल तर मात्र मी पहिल्या गाडीने येतो.

पाठ कोणी पाहिली होती? ताईंनी नाही, मी नाही, आणि गंमत म्हणजे बोदराटोल्यात जन्माला आलेल्या कोणीच नाही. गुहेच्या वरच्या खडकावर पाय ठेवायचा नाही, ही त्या गावची रीत आहे. खाली देव आहे, वर चढलं की त्याच्या डोक्यावर पाय पडतो. तेंदूपानं तोडायला जाणाऱ्या बायासुद्धा तेवढा खडक सोडून लांबून वळसा घालतात. गुराखीही जात नाहीत. त्यामुळे सारा गाव पिढ्यानपिढ्या पाकोळ्यांना खालूनच बघत आला, आभाळाच्या उजेडावर, आणि आभाळाच्या उजेडावर काय, बगळाही काळाच दिसेल. आतल्या अंधाराचं तर बोलायलाच नको.

मी म्हणालो, दुपारी सुकराम झोपतो, चढून बघून येऊ, कोणाला कळतं? तुमचा थोडाच तो देव आहे? त्यावर ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच बोलणं परत घ्यावंसं वाटलं. त्या बौद्ध, त्यांच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं. पण ज्याची जागा आहे त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. त्यांनी जाऊन सुकरामला सरळ विचारलं, आणि तोही सरळ नाही म्हणाला.

दोन-तीन फेऱ्या झाल्या. त्या येत, बसत, पुन्हा विचारत. सुकराम काही रागावला नाही. उलट त्याच्या मनात ते घोळत राहिलं असावं, कारण फाल्गुनात त्यानेच मला बाजारात गाठलं. म्हणाला, चैत्रात एक दिवस देवाची निशाणं गावकरी वाजतगाजत बोडीवर नेतात, बोडी म्हणजे गावचा लहान तलाव. तिथे देवाची आंघोळ होते आणि संध्याकाळी देव परत येतो.

“देव बोडीवर गेला का गुफा रिकामीच राह्यते,” तो म्हणाला. “तवा खाली डोकंच नाही, त पाय कोनाच्या डोक्यावर पडन? बाईले सांग, त्या दिवशी ये मना. मीबी येतो.”

आजवर हा विचार कोणी केला नव्हता, कारण वर जायची गरजच कोणाला पडली नव्हती.

२००८ च्या चैत्रातल्या त्या दिवशी देव खाली गेला आणि आम्ही तिघं वर. खडक तापला होता. सुकरामने चपला खालीच सोडल्या आणि आम्हालाही सोडायला लावल्या, त्यामुळे माझे तळवे भाजून निघाले. कडेला पोचल्यावर ताई पदर खोचून सरळ पालथ्या पडल्या आणि मान कड्याबाहेर काढली. त्यांच्या एका बाजूला सुकराम पालथा, दुसऱ्या बाजूला मी. माझ्या पोटामुळे मला नीट पालथं होता येईना. खाली बोडीवर डफ वाजत होते, माणसं मुंगीएवढी दिसत होती.

आणि आमच्या हनुवटीखालून एक पाकोळी सुटली. मग दुसरी, मग सारा घोळका. ऊन त्यांच्या पाठीवर होतं. प्रत्येकीच्या शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र पट्टा, चुन्याचं बोट पुसल्यासारखा. एकही त्याशिवायची नव्हती.

सुकराम लहान पोरासारखा हसायला लागला. “सारी जिंदगी यायच्या खाली गेली माही,” तो म्हणाला, “आन पाठ आज पाह्यली.” हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

ताई बराच वेळ तशाच पडून राहिल्या. मी दुर्बीण मागितली तरी दिली नाही. दोनदा नाही, दहादा बघितलं असेल त्यांनी. मग उठून बसल्या आणि म्हणाल्या, “घरपाकोळीच हाये, गजूभाऊ. बाबांच्या मिलमंदी पत्र्याखाली राहाची, तेच पाखरू.” मला फार वाईट वाटलं. त्यांची पाच वर्षं त्या पांढऱ्या पट्ट्यावर वाहून गेली होती.

उतरताना मी त्यांना समजावलं, आणि अजूनही मला ते समजावणं चुकीचं वाटत नाही. पाठ तीन माणसांनी पाहिली. सुकरामला घरपाकोळी आणि दुर्मिळ पाकोळी यातलं काही कळत नाही, मी बोलणार नाही. तुम्ही गप्प राहिलात तर जाळी लागत नाही, पिल्लं जगतात, कोणाचं नुकसान नाही. बोललात तर येत्या एक मेच्या ग्रामसभेत मनिराम जाळी पुन्हा काढेल. पाखरांसाठीच गप्प राहा.

त्या थांबल्या. “पट्टीत नाही ते आहे मनून कधी लिवलं का मी?” त्यांनी विचारलं. “एकडाव लिवलं ना गजूभाऊ, त मंग माह्या कोनत्याच लिवण्याले अर्थ नाही.”

एक मेच्या सभेला शाळेचा व्हरांडा भरला होता. ताईंनी उभं राहून सगळं सांगितलं. थेंबाचा आवाज मी पाखराचा समजले. पेपरात आलं तेव्हा मी गप्प बसले. ही पाकोळी दुर्मिळ नाही, गोंदियाच्या मिलमध्ये, पुलाखाली, कुठेही सापडेल. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही. त्या खाली बसल्या तेव्हा मला वर बघवत नव्हतं.

एकच गलका झाला. कोणी म्हणालं, मग दोन वर्षं गावाला काऊन थांबवलं? कोणी हसलं. मनिरामचा चेहरा उतरला होता. पाहुण्यांना त्याने किती काय सांगितलं होतं. तो म्हणाला की मॅडमनी खरं सांगितलं ते बरं झालं, आता जाळीला काही हरकत उरली नाही, सभेने मंजुरी द्यावी. चार-दोन हात वर झालेही. ताई मान खाली घालून बसल्या होत्या.

तेवढ्यात मागून सुकराम उठला. सभेत तो कधी बोलायचा नाही, म्हणून माणसं गप्प झाली.

“दुर्मिळ मनजे थोडे, असंच ना बाई?” त्याने विचारलं. ताईंनी मान हलवली. “थोडे हायेत मनून ठेवाचे आन गंज, ढीगभर हायेत मनून घर बंद कराचं? आमी गरीब मानसं गंज आहो. उद्या आमाले कोन ठेवन?”

वर झालेले हात कधी खाली गेले ते कळलं नाही. मनिरामने खाकरून विचारलं, मग प्रसादावर शिट पडते त्याचं काय? सुकराम म्हणाला, जत्रेच्या दिवशी देवासमोर बांबूचा मांडव घालू, बाकीच्या दिवशी मी झाडतो. हा माणूस, ज्याची कंबर वाचणार होती, तोच हे म्हणत होता. ठराव झाला. जाळी रद्द, मांडव मंजूर. ताई तिथेच, सगळ्यांदेखत, पदर तोंडाला लावून रडल्या. मीही थोडा रडलो.

त्यानंतरही आमच्या फेऱ्या चालू राहिल्या. दुर्मिळ नाही म्हटल्यावर गोंदियाच्या मोटारी बंद झाल्या. ताई मात्र पूर्वीसारख्याच मान वर करून उभ्या राहायच्या, आणि आता सुकराम त्यांच्या शेजारी उभा राहायचा. पिल्लं किती दिवसांनी घरट्याबाहेर पडतात, रात्री मोठी पाखरं घरट्यातच झोपतात का, असं काहीबाही ते दोघं बोलत बसायचे. सामान्य पाखराबद्दल एवढं काय बोलायचं असतं, ते मला आजही समजलेलं नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका दुपारी मनिराम आपल्या नातीला, आचलला, कडेवर घेऊन आरोग्य केंद्रात आला. पोरीला साधा ताप होता, ती बोलत होती, पाणी पीत होती. सभेपासून तो ताईंशी फारसा बोलत नसे. मी बोट टोचलं, ताईंनी पट्टी बघितली. मग पुन्हा बघितली. बाहेर येऊन त्यांनी पहिली गोळी लगेच द्यायला लावली आणि सांगितलं की हा मेंदूवर जाणारा आहे, रक्तात किडे फार आहेत, घरी जाऊ नका, आत्ताच्या आत्ता गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

आमच्याकडे अशा वेळी वाद ठरलेला. कोणी म्हणतं आधी गोरेगावच्या खाजगी डॉक्टरला दाखवतो, कोणी म्हणतं धान रोवणं चालू आहे, उद्या नेतो. त्यात पोर तर हसत होती. मी समजवायची तयारी करूनच उभा होतो. पण मनिरामने काही विचारलं नाही. पोरीचं डोकं टॉवेलने झाकलं आणि मला ऑटो थांबवायला सांगितलं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, सरपंच, दुसऱ्या कोणाला दाखवून नाही घेत?

“कायले?” तो म्हणाला. “या बाईले खोटं बोलाचं असतं, त त्या दिवशीच बोलली असती.”

गोंदियाला पोचेपर्यंत पोर बेशुद्ध झाली होती. वेळेत सलाइन लागलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, आचल लाकडाचा बैल दोरीने ओढत साऱ्या बोदराटोल्यातून फिरली, आणि मग मनिरामबरोबर आमच्या आरोग्य केंद्राच्या दारीही आली.